ऊन ठरवतं ते वेळापत्रक

पहाटे ५
मानवत तालुक्यात आमचं गाव, आणि मी गावातली आशा कार्यकर्ती. घरात आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, मालक, माझी दोन लेकरं, शिवाय सुट्टी लागल्यावर चाकणहून आलेली नणंदेची दोन पोरं. एरवी घराचं वेळापत्रक शाळा ठरवते. मे महिन्यात ते ऊन ठरवतं. बाहेरचं जे काय असेल ते सकाळी दहाच्या आत, नाहीतर संध्याकाळी पाचनंतर. बोअरला वीज आहे तोवर पाणी भरून घ्यायचं, म्हणून चौघांनाही गच्चीवरून उठवते. पोरं कुरकुरतात, पण घागरी भरतात.

सकाळी ६
आत्याबाईंनी चूल पेटवलीय. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक रात्रभर नितळला, आता तो शिजतोय. पोरांना दूध-साखर घालून वाटीभर चीक मिळतो. मग थोरली सोऱ्या धरते आणि बाजेवर अंथरलेल्या जुन्या धोतरावर कुरड्यांची रांग लागते. शेळ्या-कावळे हाकलायचं काम धाकट्याकडं. चाकणच्या पोरांना तेच सगळ्यात आवडतं.

सकाळी ७.३०
पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं. आज एका बाळाचा चौदावा दिवस. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन बघायचं असतं. वजन घेते, ताप बघते. मेमधला आमचा वाद ठरलेला असतो, तो पाण्यावरून. आजी म्हणते, "एवढ्या उन्हात लेकराला घोटभर पाणी द्यावं का नाही?" मी सांगते, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. तहान दुधानंच भागते. पाणी प्यावं ते आईनं, भरपूर. पुढच्या घरी ओआरएसचं पाकीट देताना दोन गोष्टी सांगते: पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळायचं, आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्यायचं.

सकाळी १०.३०
परत येते तेव्हा पत्रा तापलेला असतो. विदर्भातल्या शाळा उन्हापायी जूनच्या अखेरीस उघडतात. आमचा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो, तरी आमची शाळा जूनच्या मध्यावरच भरते.

दुपारी १२
ज्वारीच्या भाकरी, तुरीचं वरण, कैरीचा तक्कू. शाळा चालू असली की माझ्या दोघांचं दुपारचं जेवण तिथंच होतं. सुट्टीत ते घरच्या पिठावर येतं, आणि पाहुण्यांचं वेगळं. २०१६च्या दुष्काळात सर्वोच्च न्यायालयानं दुष्काळी भागातल्या शाळांना सुट्टीतही पोषण आहार द्यायला सांगितलं होतं. सुट्टीतलं एक जेवण किती घरांना जड जातं, हे गृहभेटींत मला दरवर्षी दिसतं.

दुपारी १ ते ४
खरी कसोटी हीच. दार लावून चार पोरं एका खोलीत. मोबाईल एकच, तोही माझ्या कामाचा, त्यामुळे पाळी अर्ध्या तासाची. मग चिंचोके, सागरगोटे, भांडणं.

यंदा मालकांनी एक काम सुचवलं. पेरणीसाठी घरचंच सोयाबीन ठेवलंय, त्याची उगवण बघायची. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडले, गुंडाळी केली, सावलीत ठेवली, रोज पाणी शिंपडलं. आज आठवड्यानं गुंडाळी उघडली. पोरांनी दोनदा मोजलं, कारण पहिल्या वेळी दोघांचे आकडे जुळले नाहीत. अठ्ठ्याहत्तर. सत्तरच्या वर उगवण म्हणजे नेहमीच्या मापानं, एकरी तीस किलो पेरायला हरकत नाही. कमी भरली असती तर बी वाढवावं लागलं असतं. मालकांनी आकडा भिंतीवर खडूनं लिहायला लावला. पुढं तासभर पोरं एकरांचा हिशेब करत होती, आणि माझा डोळा लागला.

संध्याकाळी ५.३०
पोरं वडाखाली क्रिकेटला. मी गरोदर बायांच्या घरी. एकीला पुढच्या तपासणीची तारीख सांगते, दुसरीला भर उन्हात काडी-कचरा वेचायला जाऊ नको म्हणते. ती हसते. पेरणीआधी रान साफ व्हायचं तर मजुरीचे दिवस हेच.

रात्री ८.३०
जेवणं झाली. रजिस्टर उघडते. नवजात बाळांच्या गृहभेटींचे सगळे टप्पे नोंदीसह पूर्ण झाले तर एका बाळामागं २५० रुपये मिळतात, त्यामुळे तारखा चुकवून चालत नाही.

थोरली शेजारी बसून आकडे वाचून दाखवते. मग हळूच म्हणते, "आई, सुट्टी सगळ्यांना लागली. मलाच कामून नाही?"

हिशेब तिचाच बरोबर. सकाळचा सोऱ्या तिच्याकडं, दुपारची भांडी तिच्याकडं, मी गावात असते तेव्हा धाकट्यांवर लक्षही तिचंच. मी बाहेर पडू शकते ती आत्याबाईंच्या आणि या सातवीतल्या पोरीच्या जिवावर. आत्याबाईंनी आतून ऐकलं. म्हणाल्या, "उद्यापासून भांडी पोरं घासतील. आमच्या पोरांचे हात काय झिजणार हायेत का?"

धाकट्यानं गादीवरूनच विचारलं, "चाकणवाले पण?"

"चाकणवाले आधी," आत्याबाई म्हणाल्या.