सोनं लाल दिसतं तेव्हा…

मैत्रिणींनो, हल्ली क्रीमच्या ट्यूबवर, पाण्याच्या फिल्टरवर, एवढंच काय पण मोज्यांच्या पाकिटावरसुद्धा 'नॅनो' हा शब्द झळकतो. किंमत जरा चढी असते आणि दुकानदार म्हणतो, "घ्या ताई, नवीन टेक्नॉलॉजी आहे!" घ्यावं की नाही, हे ठरवायचं तर या शब्दामागची गोष्ट कळायला हवी. ती वाटते तेवढी अवघड नाही.

नॅनो हे मापाचं नाव. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपला केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. नॅनोकण म्हणजे १ ते १०० नॅनोमीटरचे कण.

खडीसाखर दुधात हळूहळू विरघळते, पिठीसाखर चटकन. साखर तीच, पण दूध भिडतं ते फक्त बाहेरच्या अंगाला. दळलं की आतलं अंगही बाहेर येतं. एक सेंटिमीटरच्या चौकोनी ठोकळ्याची सगळी बाहेरची बाजू मिळून ६ चौरस सेंटिमीटर भरते. त्याचेच एकेक नॅनोमीटरचे ठोकळे केले, तर ती होते ६,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर! म्हणून असे कण आजूबाजूच्या पदार्थांशी फार झटपट व्यवहार करतात.

पण इतकं बारीक झाल्यावर वस्तूचा वेगच काय, स्वभावही पालटतो. आपलं सोनंच घ्या. त्याचे वीसेक नॅनोमीटरचे कण पाण्यात पसरले, की पाणी माणकासारखं लाल दिसतं. मायकेल फॅरडे यांनी लंडनला १८५७ साली हे लाल सोनं अभ्यासलं होतं. एवढ्याशा कणातले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकदम हेलकावतात आणि त्यातला हिरवा भाग गिळतात. उरतो तो तांबडा. सोनं गंजत नाही, कुणाशी पटकन मिसळत नाही, ही त्याची ख्याती. पण १९८७ साली जपानच्या मासाताके हारुता यांनी दाखवलं, की सोन्याचे अतिसूक्ष्म कण कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचं शून्य अंशाखालीसुद्धा कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर घडवून आणतात.

आता घरात येऊ या. बाळाच्या अंगावर पुरळ उठलं की लावतात ते पांढरं मलम झिंक ऑक्साइडचं. तेच झिंक उन्हाच्या क्रीममध्ये नॅनोकणांच्या रूपात असलं, की चेहरा पांढराफटक दिसत नाही, पण उन्हातले अतिनील किरण अडतात. चांदीचे कण जंतूंना मारतात, म्हणून ते फिल्टरमध्ये आणि मोज्यांत घालतात. मात्र काही मोजे धुताना त्यातली चांदी पाण्याबरोबर निघून जाते, असं २००८ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात आढळलं. म्हणजे पैसे गेले मोरीत, आणि चांदी नदीनाल्यांत!

काळजीची बाब हीच आहे. मोठ्या रूपात निर्धोक असलेली वस्तू सूक्ष्म रूपात तशीच वागेल, असं धरून चालता येत नाही. युरोपात हे झिंक क्रीममध्ये चालतं, कारण धड कातडीतून ते आत शिरत असल्याचा पुरावा तज्ज्ञांना मिळालेला नाही. पण श्वासावाटे फुप्फुसात जाईल अशा फवाऱ्यात त्याला परवानगी नाही. पदार्थ पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून घालायच्या टायटॅनियम डायऑक्साइडवर तिथं २०२२ साली बंदी आली. त्यात नॅनोकणही असतात, आणि पेशींतल्या गुणसूत्रांना त्यापासून धोका नाही, अशी खात्री तज्ज्ञांना देता आली नाही.

तेव्हा 'नॅनो' शब्दाला भुलू नये, तसंच घाबरूनही जाऊ नये. घेताना तीन गोष्टी विचाराव्यात: कण कशाचे आहेत? ते कपड्यात किंवा फिल्टरमध्ये घट्ट बसलेत, की सुटून येणारे आहेत? आणि ते कातडीवर राहणार, की पोटात-छातीत जाणार? फवारा किंवा भुकटी असेल, तर लहान मुलांच्या तोंडाजवळ वापरू नये. पाकिटावर यातलं काहीच लिहिलेलं नसेल आणि दुकानदारालाही सांगता येत नसेल, तर नुसत्या शब्दासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. आपण डाळ निवडून घेतो, तशी ही खरेदीही निवडूनच करावी.