तळ्याच्या पोटातली सोंड

बालमित्रांनो, तळ्याच्या काठावर उभं राहून पाण्याकडे पाहिलं तर काय दिसतं? सपाट, चकचकीत पाणी. जणू कुणी भला मोठा आरसाच अंथरून ठेवलाय! पण पाणी वरून सपाट असलं म्हणून तळही सपाट असतो का? मुळीच नाही. पाण्याखालीसुद्धा चढ असतात, उतार असतात, नाले असतात आणि खड्डेही असतात.

असं कसं? विचार करा. तळं किंवा धरण बांधलं, की पाणी अडतं आणि आजूबाजूचं शिवार बुडतं. शेताचे बांध, जुना नाला, गाडीवाट, विहीर, पडक्या भिंती, बाभळीची खोडं हे सगळं जागच्या जागी राहतं आणि वरून पाण्याची चादर पडते. धरण म्हणजे पाण्याने झाकलेलं शिवारच म्हणा ना!

आता मासेमारी करणाऱ्या भोई मंडळींकडे नीट लक्ष द्या. एवढं मोठं तळं, पण ते जाळं कुठेही टाकत नाहीत. ठरावीक जागीच टाकतात. त्यातली एक जागा म्हणजे सोंड. डोंगराची सोंड तुम्हांला माहीत आहे. टेकडीचा एखादा भाग निमुळता होत पुढे येतो, तीच सोंड. तळ्याच्या काठाची अशी जिभेसारखी सोंड पाण्यात घुसते आणि पाण्याखालीही हळूहळू उतरत जाते.

मासे तिथेच का जमतात?

एक उदाहरण देतो. चहाची टपरी कुठे चांगली चालते? तिठ्यावर! कारण सगळ्या वाटा तिथे येऊन मिळतात. सोंडेचंही तसंच आहे. तिच्या वरच्या भागात पाणी उथळ असतं. तिथे ऊन तळापर्यंत पोचतं, दगडांवर शेवाळ धरतं आणि ते खायला बारीक मासे येतात. सोंडेच्या दोन्ही अंगांना मात्र खोल पाणी असतं. मोठा मासा तिथे दडून बसतो. भूक लागली की चार हात वर यायचं, शिकार करायची आणि पुन्हा खोलात जायचं. शिवाय वाऱ्याने ढकललेलं पाणी सोंडेला वळसा घालून जातं, ते आपल्याबरोबर खाणंही घेऊन येतं.

प्रत्येक माशाची आवड मात्र वेगळी, बरं का! कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. मरळ पाणवनस्पतींच्या आडोशाला असते, तर वाम दगडांच्या फटीत किंवा गाळात शिरते. एकाच तळ्यात सगळ्यांची घरं वेगवेगळ्या मजल्यांवर!

अमेरिकेत ‘बास’ नावाचा शिकारी मासा आहे. गळ टाकणाऱ्या हौशी लोकांचा तो फार लाडका. त्याला शोधायला ही मंडळी आधी तळ्याचा नकाशा वाचतात आणि पाण्यातल्या सोंडा हुडकतात. १९३२ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात सुमारे १० किलोचा बास गळाला लागला होता. त्याची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडलं आणि तीही झाली जपानच्या बिवा सरोवरात!

न दिसणारा तळ कसा पाहायचा?

जुनी रीत अगदी सोपी. दोरीला दगड बांधायचा, हातहाताच्या अंतरावर गाठी मारायच्या आणि नावेतून दोरी सोडायची. दगड टेकला की गाठी मोजायच्या. नवी रीत आवाजाची. यंत्र पाण्यात आवाज सोडतं, तो तळावर आपटून परत येतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. समजा, आवाजाला जाऊन यायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागला. म्हणजे तो ३० मीटर धावला. जायला १५, यायला १५. मग पाणी किती खोल? १५ मीटर!

आता हा प्रयोग घरीच करून पाहा. एका घमेल्यात ओल्या मातीचा तळ करा. एका बाजूने सोंड काढा, मध्ये नाला कोरा, एक खड्डा करा. मग एक बोट पाणी ओता. पाण्याची कड जिथे टेकेल तिथे रांगोळीने रेघ ओढा. आणखी एक बोट पाणी ओतण्याआधी या रेघा वरून पाहून कागदावर उतरवून घ्या. असं पाच-सहा वेळा करा. कागदावर तुमच्या तळ्याचा नकाशा तयार! भूगोलात या रेघांना समोच्च रेषा म्हणतात. रेघा दूर दूर असतील तर उतार सौम्य. रेघा दाटीने आल्या, तर तिथे एकदम खोल.

उन्हाळ्यात तळं आटतं तेव्हा काठावर अशाच रेघा उमटलेल्या दिसतात. मे महिन्यात बाबांबरोबर किंवा आजोबांबरोबर जाऊन उघडा पडलेला तळ पाहून या. पावसाळ्यात तो झाकला, तरी तुमच्या वहीत राहील.

आता महत्त्वाचं

ही माहिती फक्त माशांसाठी नाही, तुमच्या जिवासाठीही आहे. आपली मांजरा नदी बीड जिल्ह्यात उगम पावते. लातूर, कर्नाटक, तेलंगण असा प्रवास करून निजामसागराच्या पुढे ती बिलोली तालुक्यात येते आणि कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. तिचं पात्र वाळूचं. नदीने पसरलेल्या वाळूचा उतार बहुधा सौम्य असतो. पण यंत्राने वाळू उपसली की उभ्या कडेचा खड्डा राहतो. पाणी आलं की खड्डा झाकला जातो आणि वरून सगळं सपाट! गुडघाभर पाण्यातून चालणाऱ्याचं पुढचं पाऊल दोन पुरुष खोल जातं. पोहता येणाराही तिथे गडबडतो, कारण कडेची वाळू पायाखालून ढासळते. गाळ काढलेल्या तळ्यातही असे खड्डे असतात.

धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याचंही पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे त्याचे दरवाजे दरवर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे असतात. नंतर दरवाजे खाली आले की मागे पाणी तुंबतं. दिवाळीच्या सुट्टीत जिथे पाय टेकला होता, तिथे पुढे टेकेलच असं नाही.

म्हणून तीन गोष्टी पाठ करा. मोठ्या माणसाशिवाय पाण्यात उतरायचं नाही. ‘मागच्या वर्षी इथे कमरेइतकं होतं’ यावर विसंबायचं नाही. आणि कुणी बुडताना दिसलं तर मागे उडी मारायची नाही! आधी जोराने ओरडून माणसं बोलवायची. मग काठावरूनच लांब बांबू, दोरी, ओढणी किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन त्याच्याकडे टाकायचा.

पालकांनाही एक विनंती. सुट्टी लागण्याआधी गावातल्या भोयांना, गुराख्यांना विचारून घ्या की खोल जागा कुठे आहेत. त्यांना तळाचा नकाशा तोंडपाठ असतो. तो लेकरांकडून कागदावर काढून घ्या आणि शाळेच्या भिंतीवर लावा. त्यात सोंड हिरव्या रंगाने दाखवा आणि खड्डे लाल!