आभासी वर्गातला सराव पाठ

मंडळी, मस्कतच्या भारतीय शाळांत शिकवणाऱ्या आपल्यातल्या ज्या ताईंनी भारतात बी.एड. केले, त्यांच्यापुढे 'सूक्ष्म अध्यापन' हा शब्द काढून पाहा! मोजून ६ मिनिटांचा पाठ, त्यात प्रश्न विचारणे किंवा फलकलेखन असे एकच कौशल्य. पाठ ६ मिनिटे, चर्चा ६, पुन्हा तयारी १२, पुन्हा पाठ ६, पुन्हा चर्चा ६, असे ३६ मिनिटांचे चक्र. ही पद्धत मूळची अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातली, १९६० च्या दशकातली. आपल्याकडे मात्र समोर मुले नसतात, वर्गमैत्रिणीच विद्यार्थी होतात. आणि त्या फारच शहाण्या! खरी सातवी अशी वागत नाही.

म्हणून आता आभासी वर्ग आले आहेत. फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाने 'टीचलाइव्ह' नावाचा वर्ग तयार केला. त्यात मोठ्या पडद्यावर मुले बसलेली दिसतात, तोंड वर करून उत्तरे देतात, लक्ष देत नाहीत. गंमत म्हणजे त्यांच्यामागे एक हाडामांसाचा माणूस असतो आणि मुलांच्या वतीने तोच बोलतो. जर्मनीतल्या पॉट्सडॅम विद्यापीठात भावी शिक्षक डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी वर्गात उभे राहतात. कुजबूज कधी सुरू करायची ते प्रशिक्षक ठरवतो. पाठ फसला तर तोच प्रसंग पुन्हा घेता येतो आणि नवख्या शिक्षकाच्या चुकांचा भुर्दंड कुठल्या खऱ्या मुलाला पडत नाही.

आपण राहतो त्या ओमानमध्ये १९७० साली अवघ्या ३ शाळा होत्या. पुढे शाळा भराभर निघाल्या आणि शिक्षक इजिप्तसारख्या देशांतून आणावे लागले. १९८६ साली सुलतान काबूस विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा पहिल्या पाच महाविद्यालयांत शिक्षणशास्त्राचेही होते. शिक्षक घडवायला वेळ लागतो, तो असा.

आम्हाला वाटते, यात यंत्रापेक्षा 'पुन्हा पाठ' महत्त्वाचा. तो नसेल तर महागडा हेडसेट म्हणजे नुसता खेळ.

शुक्रवारच्या मराठी वर्गात शिकवणाऱ्या आयांना तर कसलेच प्रशिक्षण नसते. वर्गात सहा वर्षांचा आणि बारा वर्षांची शेजारी शेजारी! त्यांनी घरीच चार मैत्रिणी जमवून ६ मिनिटांचा पाठ घ्यावा. फक्त एकीच्या हातात आधी गुपचूप चिठ्ठी द्यावी : 'प्रत्येक प्रश्नाचे उत्तर इंग्रजीतच द्यायचे.' दुसरीच्या चिठ्ठीत : 'दर मिनिटाला घड्याळ पाहायचे.'