दादासाहेब खापर्डे आणि नागपूरची दोन अधिवेशने

नागपूरच्या राजकीय इतिहासात काँग्रेसची दोन अधिवेशने संस्मरणीय ठरली : एक न भरलेले व दुसरे भरलेले. १९०७ चे अधिवेशन येथे व्हावयाचे होते. परंतु अध्यक्षपदी लोकमान्य टिळकांना बसविण्याच्या जहालांच्या आग्रहावरून असा कलह माजला की, अधिवेशन सुरतेस हलवावे लागले. तेथे काय घडले ते सर्वश्रुतच आहे. १९२० चे अधिवेशन मात्र येथे भरले व त्याने असहकारितेवर शिक्कामोर्तब केले. पहिल्या प्रसंगी टिळकपक्षात अग्रभागी असलेले गणेश श्रीकृष्ण तथा दादासाहेब खापर्डे दुसऱ्या प्रसंगी काँग्रेसच्या नव्या मार्गापासून दूर उभे होते. त्यांच्यावर पालटल्याचा जो आक्षेप घेतला जातो, तो कितपत न्याय्य आहे?

१८५४ साली जन्मलेल्या दादासाहेबांनी १८८४ मध्ये कायद्याची पदवी घेतली, काही वर्षे सरकारी नोकरी केली व पुढे अमरावतीस वकिली थाटली. वकिली अशी चालली, आणि राहणीही अशी ऐसपैस, की लोक त्यांना ‘वऱ्हाडचे नवाब’ म्हणू लागले. १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्षपद त्यांच्याकडेच होते. त्याच अमरावतीचे दुसरे नामांकित वकील रंगनाथ नरसिंह मुधोळकर मवाळांचे पुढारी; ते १९१२ मध्ये बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष झाले. एकाच गावाने दोन्ही पंथांना धुरीण पुरवावेत, हा वऱ्हाडच्या मातीचा गुण म्हणावयाचा!

खापर्ड्यांची खरी कसोटी १९०८ साली लागली. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होताच त्यांनी भरभराटीची वकिली बाजूस सारली आणि प्रिव्ही कौन्सिलपुढील अपिलाची खटपट करण्यासाठी विलायत गाठली. अपील फेटाळले गेले. ते परतले १९१० साली, म्हणजे वकिलाच्या धंद्यातील दोन मोलाची वर्षे गमावून. पक्षकार विखुरले, मिळकत आटली, सरकारची वक्रदृष्टी होतीच. पुढे शिर्डीस साईबाबांच्या सान्निध्यात त्यांनी जे दिवस घालविले, त्यांची रोजनिशी आजही भाविक वाचतात. राजकारणाच्या अभ्यासकाने मात्र ती या आर्थिक व मानसिक ओढगस्तीच्या पार्श्वभूमीवर वाचावयास हवी.

अशा मनुष्यास भित्रा ठरविणे अन्यायाचे होईल. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले. सुधारणा अपुऱ्या असल्या तरी त्या राबवून पुढचे हक्क झगडून घ्यावयाचे, हे टिळकांचे प्रतियोगी सहकारितेचे धोरण होते. न्यायालये व कायदेमंडळे यांवरील बहिष्कार त्या धोरणात बसत नव्हता. ज्याने आयुष्यभर कायद्याच्या चौकटीतच सरकारला पेचात धरले, त्याने ती चौकटच सोडावी कशी? खापर्डे कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये गेले. त्यांचा चुकलेला हिशेब इतकाच, की देश आता वकिलांच्या युक्तिवादाच्या पुढे गेला होता. चित्तरंजन दासांसारख्या बॅरिस्टरांनी धंद्यावर पाणी सोडताच ते उघड झाले.

१९३८ साली दादासाहेब निवर्तले, तेव्हा काँग्रेसनेही कायदेमंडळांवरील बहिष्कार सोडलेला होता, आणि नागपुरात तिचेच मंत्रिमंडळ कारभार पाहत होते.