कळा सुरू होण्याआधीच ठरवून ठेवा

‘जोर लावा’, ‘आता थांबा’, ‘कुशीवर वळा’. प्रसूतीच्या खोलीत जवळपास सगळं तोंडी चालतं. सांगणारीच्या तोंडावर मास्क असतो आणि शेजारच्या खाटेवर दुसरी बाई कण्हत असते. जिला कमी ऐकू येतं किंवा अजिबात येत नाही, तिला इथे ओठ वाचण्याचाही आधार उरत नाही. मग ‘ही सांगितलेलं करतच नाही’ असा ठपका तिच्यावर येतो. तो टाळायचा असेल तर तयारी नाव नोंदवण्याच्या दिवसापासून हवी.

माता-बाल संरक्षण कार्डावर आणि केसपेपरवर वरच ठळक लिहून घ्यावं: ‘ऐकू येत नाही. समोर येऊन, लिहून सांगा.’ कुणी ओठ वाचते, कुणाला श्रवणयंत्राने एकाच कानाने ऐकू येतं, कुणी खुणांच्या भाषेत बोलते. आपली रीत कोणती तेही नोंदवावं. ओपीडीत नाव पुकारलं की ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून सिस्टरने जवळ येऊन सांगायचं, हेही ठरवून घ्यावं. रात्री कळा सुरू झाल्या तर १०८ला फोन कोण लावणार आणि आशाताईंना निरोप कसा जाणार, हे घरात आधीच पक्कं करावं.

तपासणीत बाळाचे ठोके इतर आया कानाने ऐकतात. तिला यंत्रावरचा आकडा दाखवावा. मिनिटाला साधारण ११० ते १६० ठोके म्हणजे ठीक, हे कागदावर लिहून द्यावं.

प्रसूतीच्या वेळी स्पर्शाच्या खुणा उपयोगी पडतात. खांद्यावर तळवा दाबला की जोर लावायचा, उचलला की थांबायचं, असं आठव्या-नवव्या महिन्यातच ठरवता येतं. सिझेरियनमध्ये बहुधा कमरेत इंजेक्शन देतात, म्हणजे बाई जागी असते. पण श्रवणयंत्र काढलेलं असेल तर आजूबाजूला काय चाललंय ते तिला कळत नाही. म्हणून यंत्र काढण्याआधीच सगळं समजावून सांगावं. कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर सर्जन आणि भूलतज्ज्ञांना आधी कळवावं, कारण कॉटरीच्या विद्युतप्रवाहाने त्याला धोका पोहोचू शकतो.

सोबतीला माणूस असावंच. सरकारी रुग्णालयात बाळंतिणीजवळ एक सोबतीण राहू देण्याची मुभा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये दिली आहे. मात्र सासू किंवा नणंद सोबत आहे म्हणून डॉक्टरांनी सगळं तिच्याशीच बोलून मोकळं होऊ नये. आधीचा गर्भपात, घरातली मारहाण, बाळंतपणानंतर तांबी बसवायची की नाही, हे प्रश्न त्या बाईलाच विचारायचे असतात, एकांतात आणि लेखी. संमतिपत्रावरची सहीसुद्धा तिने स्वतः वाचून, समजून केलेली असावी.

हे उपकार म्हणून मागायचं नाही. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांत अडथळ्याविना सेवा मिळायला हवी, आणि संवादातला अडथळाही त्यात येतो.

कर्मचाऱ्यांनी एक सवय आजपासून लावून घ्यावी. ‘समजलं का?’ असं विचारलं की संकोचाने कुणीही मान डोलावते. त्याऐवजी गोळी कधी घ्यायची, रक्तस्राव वाढला तर काय करायचं, हे तिलाच लिहून किंवा खुणेने सांगायला लावावं. तिने बरोबर सांगितलं तरच आपलं सांगणं पोहोचलं असं धरावं.