मुलांची चित्रे आणि पादचाऱ्यांची वाट

रस्त्याने जपून कसे चालावे हे आपण मुलांना बहुधा उपदेशाने शिकवितो. जपान देशात उपदेशाच्या जोडीला मुलांच्या हाती कुंचलाही देण्यात आला. त्या उपक्रमाविषयी आज थोडे सांगावयाचे आहे.

१९७० साली जपानात रस्त्यावरील अपघातांत १६,७६५ माणसे मृत्युमुखी पडली. त्या देशातला हा आजवरचा सर्वांत मोठा आकडा होय. मोटारी झपाट्याने वाढल्या होत्या. पायी चालणाऱ्यांस मात्र पुष्कळ ठिकाणी स्वतंत्र वाटच नव्हती. या स्थितीला तेथील लोक ‘वाहतुकीचे युद्ध’ म्हणत. त्याच वर्षी सरकारने वाहतूक-सुरक्षेचा कायदा केला, आणि १९७२ पासून शेतकऱ्यांच्या सहकारी विमासंस्थेने प्राथमिक व माध्यमिक शाळांतील मुलांसाठी भित्तिचित्रांची देशव्यापी स्पर्धा सुरू केली.

आता कोणी विचारील, चित्राने मोटार थांबते काय? थांबत नाही. परंतु चित्र काढावयाचे म्हणजे आधी नीट पाहावे लागते. ‘जपून चाल’ हे शब्द न ऐकताही मूल मान डोलावू शकते; रस्ता रंगविताना मात्र गाडी कोणत्या बाजूने येते, चालणाऱ्याचे तोंड कोणीकडे, हे त्याला ठरवावेच लागते. जपानात आपल्याप्रमाणेच वाहने डावीकडून जातात. म्हणून पदपथ नसलेल्या रस्त्यावर पादचाऱ्याने उजव्या कडेने चालावे असा तेथे नियम आहे. समोरून येणारी गाडी त्यास दिसावी हा त्यातील हेतू. ज्याने हा नियम एकदा रंगविला, त्याला तो पाठ करावा लागत नाही.

वेगाचेही तसेच. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते. मूल दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेतो तेवढे अंतर सरते, आणि गाडी उभी राहण्यास कोरड्या रस्त्यावरही जवळजवळ तितकेच आणखी लागते. उभ्या मोटारीच्या आडून मूल धावत आले, तर हे २८ मीटर आणावयाचे कोठून? मुलाच्या चित्रातली मोटार घराएवढी असेल, तर तिला हसू नये. त्याच्या उंचीवरून ती तशीच दिसते.

२०२३ साली जपानातील हे मृत्यू २,६७८ पर्यंत उतरले होते. त्याचे श्रेय पदपथ, कठडे, सिग्नल, कडक कायदे, सुधारलेली वाहने व वैद्यकीय मदत यांना आहे. मग चित्रांचे काम कोणते?

आपल्याकडेही रस्ता सुरक्षेच्या निमित्ताने शाळांतून चित्रस्पर्धा भरतात. भारतात २०२२ या एका वर्षी ३२,८२५ पादचारी रस्त्यावर दगावले, हे ध्यानी घेता त्या चित्रांना बक्षिसे देऊन ती कपाटात ठेवणे पुरेसे नाही. परीक्षकांनी त्यांतील रंग पाहावेत. नगरपालिकेच्या अभियंत्याने त्यांतील रस्ता पाहावा. एकाच शाळेपुढचा पदपथावाचूनचा रस्ता दहा मुलांनी काढला असेल, तर ती दहा साक्षीदारांची जबानी आहे. मुलाला जपून चालावयास सांगणाऱ्याने आधी त्याला चालावयास जागा दिली पाहिजे. ती कोठे नाही, हे मूल आपल्या चित्रातून दाखवीत असते.