मंद प्रकाशातील जलोद्यान : माढ्याच्या पाण्यासाठी व उन्हाळ्यासाठी एक आराखडा

गोड्या पाण्यातील वनस्पती काचेच्या टाकीत वाढविण्याविषयीचे बहुतेक प्रचलित मार्गदर्शन थंड हवेच्या देशांतील अनुभवावर आधारलेले आहे. तेथे टाकीतील पाणी ऊबदार ठेवण्यासाठी उपकरण लागते. माढ्यासारख्या ठिकाणी प्रश्न नेमका उलटा होतो. सीना आणि भीमा या नद्यांच्या दरम्यान पसरलेला हा कोरडा प्रदेश बेसॉल्टच्या कातळावर वसलेला असून, एप्रिल-मे महिन्यांत येथील दुपारचे तापमान ४०° से. च्या वर जाते. अशा ठिकाणी नवशिक्याला मंद प्रकाशाचे जलोद्यान सुचविले जाते ते त्यात खर्च कमी व देखभाल थोडी म्हणून. तथापि मंद प्रकाश आणि उष्ण पाणी यांचा मेळ कितपत बसतो, याचा विचार सहसा केला जात नाही.

प्रथम मंद प्रकाश म्हणजे किती, ते पाहू. प्रकाशसंश्लेषणास उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचे मापन दर चौरस मीटरवर दर सेकंदास पडणाऱ्या प्रकाशकणांच्या संख्येवरून, मायक्रोमोल या एककात करतात. निरभ्र आकाशातील माध्यान्हीच्या उन्हात ही संख्या सुमारे २,००० असते. टाकीच्या तळाशी ती १५ ते ३० असल्यास त्या टाकीस मंद प्रकाशाची म्हणण्याचा प्रघात आहे. म्हणजे भर उन्हाचा जेमतेम शंभरावा हिस्सा. दाट रानातील ओढ्याच्या काठावर सावलीत वाढणाऱ्या वनस्पतींना एवढा प्रकाश पुरतो, कारण त्यांचा श्वसनावरील खर्चच अल्प असतो. ज्या प्रकाशात पानाची कमाई व श्वसनाचा खर्च समान होतात, त्यास समतोल-बिंदू म्हणतात. सावलीतल्या वनस्पतींचा हा बिंदू खालच्या पातळीवर असतो.

माढ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा येथेच आहे. प्रकाश अपुरा असताना संश्लेषणाचा वेग मुख्यतः प्रकाशावर ठरतो. तापमान वाढल्याने तो फारसा वाढत नाही. श्वसनाचा वेग मात्र तापमान १०° से. ने वाढले की साधारणपणे दुप्पट होतो. शिवाय श्वसन चोवीस तास चालते, दिवा मात्र आठच तास जळतो. समजा, एखाद्या वनस्पतीचा समतोल-बिंदू २४° से. ला ५ मायक्रोमोल आहे. चोवीस तासांचा श्वसनखर्च आठ तासांत भरून काढावयाचा तर तिला त्या आठ तासांत त्याच्या तिप्पट, म्हणजे १५ इतका प्रकाश हवा. दिवा २५ देत असेल तर १० शिल्लक राहतात आणि त्यावर वाढ होते. पाणी ३४° से. झाले की हीच गरज ३० वर जाते, दिवा तोच राहतो, आणि वनस्पती साठविलेल्या अन्नावर दिवस काढू लागते. पाने पारदर्शक होऊन गळतात. खताचा अभाव हे त्याचे कारण समजले जाते व टाकीत खत घातले जाते. त्याचा लाभ शेवाळाला होतो.

यावर दिवा वाढविणे हा उपाय सुचतो खरा. परंतु प्रकाश वाढला की कर्बवायू व पोषकद्रव्ये यांची मागणीही वाढते, आणि ती पुरविली नाही तर पुन्हा शेवाळच माजते. पाणी थंड करणे अधिक शहाणपणाचे. वरील उदाहरणात तापमान ३४° वरून ३०° वर आणले, तर गरज सुमारे २३ पर्यंत उतरते, आणि २५ च्याच दिव्यावर जमाखर्च पुन्हा जमेकडे झुकतो. चार अंशांचा हा फरक माठाच्या तत्त्वावर मिळविता येतो. एक लिटर पाण्याचे बाष्पीभवन होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. ती सगळी ५० लिटरच्या टाकीतून गेली तर पाणी ११° हून अधिक उतरेल. प्रत्यक्षात भोवतालची हवा बरीच उष्णता परत देते, म्हणून लाभ दोन ते चार अंशांचाच मानावा. त्यासाठी टाकीचे झाकण जाळीचे असावे व पृष्ठभागावर लहान पंखा फिरता ठेवावा. माढ्याची कोरडी हवा येथे उपकारक ठरते. पावसाळ्यातील दमट दिवसांत हा उपाय दुबळा पडतो.

मात्र बाष्प होते ते केवळ पाणी; क्षार मागे राहतात. रोज एक लिटर पाणी उडत असेल आणि विहिरीचेच पाणी ओतून भर केली जात असेल, तर ५० लिटरच्या टाकीतील क्षार, ते विरघळलेलेच राहिल्यास, ५० दिवसांत दुप्पट होतील. कातळातील विहिरींचे पाणी आधीच जड असल्याने ही घट भरण्यासाठी छपरावरून साठविलेले पावसाचे किंवा क्षार काढलेले पाणी वापरावे. आठवड्याला बदलावयाच्या दहा लिटरांसाठी विहिरीचे पाणी चालेल. नळाच्या पाण्यातील क्लोरीन मात्र आधी घालविले पाहिजे.

जड पाण्याचा एक गुणही आहे. त्यात बायकार्बोनेट विपुल असते. हवेशी समतोल असलेल्या पाण्यात मुक्त कर्बवायू लिटरमागे एक मिलिग्रॅमही नसतो. परंतु व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला व सेराटोफायलम या वनस्पती बायकार्बोनेटमधूनही कर्ब मिळवितात. शेवाळी वर्गातील वनस्पती, ज्यांना बाजारात ‘मॉस’ म्हणतात, हे करू शकत नाहीत. म्हणून मागील रांगेत व्हॅलिस्नेरिया लावावी. पुढे क्रिप्टोकोरीन शोभते. या प्रजातीच्या काही जाती सह्याद्री व कोकणातील ओढ्यांत आहेत, पण तेथून त्या उपटून आणू नयेत, विक्रेत्याकडील रोपे घ्यावीत. लावल्यानंतर क्रिप्टोकोरीनची पाने अनेकदा वितळून जातात. मुळे शाबूत असली तर नवी पाने फुटतात, तेव्हा रोप फेकण्याची घाई नको. पश्चिम आफ्रिकेतील अनुबियास व जावा फर्न यांचे आडवे खोड दगडास बांधावे. ते पुरल्यास कुजते.

टाकी ६० सें.मी. लांब, ३० रुंद व ३६ उंच असावी. भरल्यावर तिचे वजन ७० कि.ग्रॅ. च्या पुढे जाते, म्हणून बैठक भक्कम हवी. तळाशी पाच सें.मी. धुतलेली कच किंवा जाड वाळू पुरे. त्यावर लिंबाचा रस टाकून बुडबुडे आले, तर तीत चुनखडी आहे असे समजून ती टाळावी. शेतातली काळी माती वापरण्याचा मोह अनेकांना होतो. ती फुगते, उकलते आणि पाणी कित्येक दिवस गढूळ ठेवते. दिवा सात-आठ वॅटचा एलईडी असावा.

माशांची घाई नको. त्यांच्या उत्सर्गातील अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे जीवाणू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. उष्ण व अल्कधर्मी पाण्यात ही दक्षता विशेष महत्त्वाची आहे : ३०° से. ला सामू ७ असताना अमोनियाचा विषारी, मुक्त अंश एक टक्क्याहून कमी असतो. सामू ८ झाला की तो सात टक्क्यांच्या वर जातो. शिवाय २५° ला लिटरमागे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू धारण करणारे पाणी ३५° ला ७ च्या आतच धारण करते, आणि रात्री वनस्पतीही तोच वापरतात. वीज गेली तरी निभावेल अशी वस्ती विरळ असावी. हिवताप-निर्मूलनामुळे परिचित झालेले गप्पी मासे जड पाण्यात सुखाने राहतात. सहा नर पुरेत, माद्या ठेवल्यास संख्या आवरत नाही.

छाटलेली हायड्रिला किंवा नकोसे मासे ओढ्यात टाकू नयेत. हायड्रिला १९५० नंतरच्या दशकात टाकीतील शोभेची वनस्पती म्हणून अमेरिकेतील फ्लोरिडात गेली आणि तेथील जलमार्ग तिने व्यापले. माढा तालुक्यातील उजनी येथे भीमेवर बांधलेल्या धरणाच्या जलाशयातही चिलापी हा मूळचा आफ्रिकेतील मासा आज जाळ्यांत भरभरून येतो. त्याची मोझांबिकी जात १९५२ साली भारतात आणली गेली होती. छाटलेली पाने उन्हात वाळवून खतात घालावीत.